‘जम्प द क्यू’ : एका इंग्रजी वाक्संप्रदायाचा विचार

परभाषेतील शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. परंतु तिच्यातील वाक्संप्रदायाचा अर्थ ती भाषा बोलणाऱ्या लोकांच्या राहणीत शोधावा लागतो. इंग्रजीच्या तासास एखादा विद्यार्थी ‘ही जम्प्ड द क्यू’ ह्या वाक्याचे ‘त्याने रांगेवरून उडी मारली’ असे भाषांतर करतो, तेव्हा त्याच्या व्याकरणात तिळमात्र चूक नसते. कर्ता, कर्म व क्रियापद ही तिन्ही आपापल्या जागी असतात. तथापि वाक्याचा अर्थ मात्र हातून निसटलेला असतो. कारण ज्याच्याविषयी हे वाक्य बोलले गेले तो मनुष्य जमिनीवरून बोटभरही उंच उडालेला नसतो. तो केवळ मागून आला आणि पुढच्यांस डावलून खिडकीशी जाऊन उभा राहिला, एवढेच त्याने केले. आपण मराठीत त्यास ‘तो मध्येच घुसला’ किंवा ‘त्याने रांग मोडली’ असे म्हणू. हा साधा, नित्याचा वाक्संप्रदाय नीट समजून घेऊ लागल्यास त्याच्या पोटात किती गोष्टी साठवलेल्या आहेत, हे दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘क्यू’ हा शब्द पाहू. लॅटिन भाषेत ‘कौदा’ म्हणजे शेपूट. त्यावरून फ्रेंच भाषेत ‘क्यू’ हा शब्द आला व तेथून तो इंग्रजीत उतरला. आपणही ‘रांगेचे शेपूट पार रस्त्यापर्यंत गेले’ असे म्हणतोच. तेव्हा ही कल्पना आपणांस परकी वाटू नये. इंग्रजीत ह्या शब्दाने माणसांच्या रांगेचा बोध होण्यापूर्वी पाठीवर सोडलेल्या केसांच्या वेणीचा बोध होत असे. बिलियर्ड ह्या खेळातील लांब काठीचे नावही ह्याच शब्दापासून निघालेले असून केवळ त्याचे लेखन निराळे झाले आहे. माणसांची रांग ह्या अर्थी हा शब्द इंग्रजी वाचकांच्या समोर ठळकपणे आला तो टॉमस कार्लाइल ह्याच्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासामुळे. हा ग्रंथ १८३७ साली प्रसिद्ध झाला. पॅरिस शहरात पावाचा तुटवडा पडला असता भटारखान्यांच्या दाराशी लोक एकामागे एक उभे राहत, त्याचे वर्णन करताना कार्लाइलने हा फ्रेंच शब्द योजला, आणि असे आपण होऊन रांगेत उभे राहणे ही फ्रेंच लोकांचीच खासियत आहे, असा अभिप्राय दिला. आज सारे जग जी सवय इंग्रजांची म्हणून ओळखते, ती एकोणिसाव्या शतकात एका ब्रिटिश ग्रंथकारास परदेशची नवलाई वाटत होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वभाव म्हणून ज्याची आपण प्रौढी मिरवितो, ते पुष्कळदा शिकून घेतलेले वळण असते.

ह्या शब्दाच्या लेखनासंबंधी एक विनोद प्रचलित आहे. इंग्रजीत तो पाच अक्षरांनी लिहितात. परंतु उच्चार केवळ पहिल्या अक्षराचाच होतो. बाकीची चार अक्षरे मुकाट्याने मागे उभी असतात व आपली पाळी येण्याची वाट पाहतात! हा विनोद लक्षात ठेवला तर लेखन चुकणार नाही.

आता ‘जम्प’ ह्या क्रियापदाकडे वळू. येथे त्याचा अर्थ उडी मारणे असा नसून, ‘वेळ येण्यापूर्वी पुढे जाणे’ किंवा ‘जो नियम पाळावयाचा तो ओलांडणे’ असा आहे. शर्यतीत पिस्तुलाचा आवाज होण्यापूर्वीच जो धावू लागतो, तो ‘जम्प द गन’ करतो. चौकातील तांबडा दिवा लागला असता जो गाडी पुढे हाकतो, तो दिवा ‘जम्प’ करतो. जामिनावर सुटलेला आरोपी कोर्टात हजर न राहता पळून गेला, तर त्याने जामीन ‘जम्प’ केला असे म्हणतात. सोन्याच्या खाणींच्या दिवसांत दुसऱ्याने आखून ठेवलेली जमीन जो बळकावी, त्यासही हेच क्रियापद लावीत. ही चार उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल की, ह्या सर्वांत एकच दोष आहे. जी गोष्ट अद्यापि आपली झाली नाही, ती आपली म्हणून घेणे, हा तो दोष होय.

प्रयोगासंबंधी थोडी सूचना येथे देणे इष्ट आहे. रांगेत उभे राहण्याची क्रिया ‘क्यू अप’ ह्या क्रियापदाने सांगतात. रांगेत येऊन मिळणे म्हणजे ‘जॉइन द क्यू’, आणि रांग मोडणारा तो ‘क्यू-जम्पर’. अमेरिकेत ‘क्यू’ऐवजी ‘लाइन’ म्हणतात व रांग मोडणे ह्यास ‘कट इन लाइन’ असे म्हणतात. २०१६ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा ह्यांनी लंडन येथे बोलताना, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यास व्यापारी करारासाठी त्यास ‘क्यू’च्या शेवटी उभे राहावे लागेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. तेव्हा अमेरिकन मनुष्य ‘लाइन’ म्हणावयाचे सोडून ‘क्यू’ कसे म्हणाला, ह्याचीच ब्रिटनमध्ये फार चर्चा झाली. एका शब्दावरून बोलणाऱ्याचा देश कसा ओळखतात, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी दोन गोष्टी जपाव्या. कवायतीच्या वेळी खांद्यास खांदा लावून एका ओळीत उभे राहणे म्हणजे ‘स्टँड इन अ लाइन’. परंतु आपल्या पाळीची वाट पाहत एकामागे एक उभे राहणे म्हणजे ‘स्टँड इन लाइन’. एवढ्याशा ‘अ’ने अर्थ बदलतो. तसेच ‘माझा नंबर आला’ ह्याचे ‘माय नंबर केम’ असे भाषांतर करू नये. ‘इट इज माय टर्न’ असे म्हणावे. ‘जॉइन द क्यू’ हे कधी कधी थट्टेनेही म्हणतात. कोणी आपली तक्रार सांगू लागला आणि तीच तक्रार आधीच पुष्कळांची असली, तर ऐकणारा ‘जॉइन द क्यू’ म्हणतो; अर्थात ‘बाबा रे, तू एकटा नव्हेस, आमच्या मागे उभा राहा’.

हा वाक्संप्रदाय चिनी विद्यार्थ्यास आपल्यापेक्षा अधिक सुलभ वाटावा. कारण चिनी भाषेत रांग लावणे ह्यास ‘पायद्वेय’ म्हणतात व रांग मोडणे ह्यास ‘छाद्वेय’ म्हणतात. ह्यांतील ‘छा’ म्हणजे मध्ये खुपसणे. इंग्रजास उडी दिसली, चिन्यास खुपसलेली वस्तू दिसली आणि मराठी मनुष्यास घुसलेला मनुष्य दिसला. दोष एक, चित्रे तीन. ज्या ‘क्यू’ शब्दाची चर्चा आपण करीत आहोत, त्याच शब्दाने इंग्रज लोक मांचू बादशहांच्या अमलात चिनी पुरुषांस सक्तीने राखावी लागणारी वेणीही दाखवीत. ती सक्ती सतराव्या शतकात सुरू झाली व १९११ च्या क्रांतीनंतर संपुष्टात आली. पुढे २००८ साली पेकिंग, म्हणजे बीजिंग, येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. त्यापूर्वी नागरिकांस वळण लागावे म्हणून ११ फेब्रुवारी २००७ पासून दर महिन्याची ११ तारीख हा ‘रांगेचा दिवस’ म्हणून तेथे पाळण्यात आला. ११ हीच तारीख का? तर इंग्रजी पद्धतीने लिहिलेला हा आकडा एकामागे एक उभ्या असलेल्या दोन माणसांसारखा दिसतो! आपल्या देवनागरी ११ मधील दोन माणसे मात्र किंचित वाकलेली दिसतात. फार वेळ उभी राहिल्यामुळे ती दमली असावीत.

आता इंग्रज लोक. त्यांची ही सवय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पक्की झाली. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये अन्नाची मापबंदी सुरू झाली, ती १९५४ पर्यंत चालू होती. चौदा वर्षे राजापासून रंकापर्यंत सर्वांस शिधापत्रिका होती. युद्ध नुकतेच संपले असता, १९४६ साली, हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज मिकेश ह्या विनोदी लेखकाने इंग्रजांच्या ह्या वेडाची अशी थट्टा केली की, इंग्रज एकटा असला तरी शिस्तीने रांग करून उभा राहतो. अलीकडचे उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२२ मधील. राणी एलिझाबेथ ह्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी लंडन येथे टेम्स नदीच्या काठाने कित्येक मैल रांग लागली होती. प्रसिद्ध फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम ह्यांस आडवाटेने आत जाता आले असते, असे सर्वांस वाटे. परंतु ते बारा तासांहून अधिक वेळ सामान्य जनांबरोबर उभे राहिले. त्याच सुमारास दोन नामांकित दूरचित्रवाणी निवेदकांवर रांग मोडल्याचा आरोप आला. तो त्यांनी नाकारला, तरी लोकांचा रोष पुष्कळ दिवस शमला नाही. ‘क्यू-जम्पर’ ही इंग्रजीत किती मोठी शिवी आहे, हे कोशापेक्षा ह्या प्रसंगावरून अधिक कळते.

येथवर वाचून कोणी विचारील की, मराठीत ह्या कल्पनेस स्वतःचे शब्द नाहीत काय? आहेत, आणि ते विपुल आहेत. रांग, ओळ, पाळी, बारी हे आपले जुने शब्द. ‘नंबर लावणे’ हा इंग्रजीपासून घेतलेला, परंतु आता पूर्णपणे आपला झालेला प्रयोग. मात्र सामाजिक शिस्तीची आपली जुनी कल्पना रांगेत नसून पंगतीत आहे, असे मला वाटते. रांगेत एकामागून एकाचे काम होते; पंगतीत सर्वांचे एकदमच होते. शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्या पानावरचा मनुष्य घासास हात लावीत नाही. पंगतीत घाई करणारास आपण अधाशी म्हणतो. परंतु पंगतीतील खरा अपराध जेवणाराचा नव्हे, वाढणाराचा. एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानावर थेंब, असे जो करतो त्याच्या कृत्यास ‘पंक्तिप्रपंच’ असा खास शब्द मराठीने घडविला आहे. ह्या एका शब्दाच्या तोडीचा शब्द इंग्रजीत शोधून सापडणे कठीण. उलट ‘वाढपी ओळखीचा असला म्हणजे पंगतीत शेवटी बसले तरी चालते’ ही म्हणही आपलीच आहे. इंग्रजी वाक्संप्रदाय मध्ये घुसणारास दोष देतो. मराठी शब्द वाढणारास जबाबदार धरतो. दोन्ही पाहावयास हवेत. कारण खिडकीच्या बाहेर जितके लोक रांग मोडतात, तितकीच ती खिडकीच्या आतूनही मोडली जाते. त्यास आपण वशिला म्हणतो.

आपल्याकडील रांगेचे दुसरे वैशिष्ट्य असे की, ती माणसांवाचूनही लागते. सार्वजनिक नळापाशी पहाटे हंडे, घागरी व डबे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्या मालकिणी घरी चूल पेटवीत असतात. पिठाच्या गिरणीत डब्यामागे डबा ठेवून लोक निर्धास्त निघून जातात. घागरीची पाळी तीच तिच्या मालकिणीची पाळी, हे सर्वजण मानतात. ती घागर कोणी मागे सरकविली तर जो कलह माजतो, तोच ह्या अलिखित कायद्याचा पुरावा होय. परंतु एस. टी. बसच्या खिडकीतून आसनावर टाकलेला रुमाल ह्याच जातीचा मानावा काय? नव्हे. घागर ठेवणारी बाई आधी स्वतः येऊन, आपल्या जागी घागर ठेवून गेलेली असते; रुमाल टाकणारा मनुष्य दाराशी उभ्या असलेल्या लोकांच्या आधी खिडकीतून आत पोहोचतो. घागर रांग राखते, रुमाल रांग मोडतो. ‘जम्प द क्यू’ ह्याचे चपखल मराठी उदाहरण पाहिजे असेल, तर ते हा रुमाल होय.

रांगेचा खरा कस लागतो तो टंचाईत. पावसाळ्यात नदीवर कोणी रांग लावीत नाही. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले, आणि धान्यासाठी पिशवी घेऊन उभे राहणे हा तेथील घरोघरचा नित्यक्रम झाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या चालू नोटा रद्द झाल्या, तेव्हा साऱ्या देशाने बँकांच्या दाराशी रांगा पाहिल्या. आपल्या मराठवाड्यास तर ह्या विषयाचे शिक्षण दुष्काळानेच दिले आहे. आपल्या शहरात नळास काही दिवसांआड पाणी येणे ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे, आणि टँकरमागे धावणारी बादली कोणास नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर येथे पाण्याच्या टाक्यांभोवती इतकी झुंबड उडू लागली की, मार्चमध्ये तेथे जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या दिवशी पाणी थोडे व घागरी पुष्कळ असतात, त्या दिवशी रांग मोडणारा केवळ असभ्य राहत नाही. रांगेच्या शेवटी जी म्हातारी उभी असते, तिच्या घरचे त्या दिवसाचे पाणी तो घेऊन जातो.

परंतु रांगेस न्याय म्हणण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. रांगेत उभे राहण्याचा हक्क कोणास आहे? पंढरपूरच्या विठ्ठलदर्शनाची रांग ‘दर्शनबारी’ ह्या सुंदर नावाने ओळखली जाते. आषाढीस ती कित्येक तासांची असते, आणि वारकरी तीत टाळ वाजवीत, नाम घेत उभे असतात. त्या दिवशी पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते, तेव्हा दर्शनबारीत उभ्या असलेल्या वारकऱ्यांतून एका जोडप्यास त्यांच्या शेजारी पूजेचा मान मिळतो. ज्याने वाट पाहिली त्यास मान, ही कल्पना थोर आहे. असे असूनही ह्या बारीत अस्पृश्य मानलेल्या बांधवांस कित्येक शतके पाऊल ठेवता येत नव्हते. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, ती हीच कथा सांगते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले व मंदिराचे दार सर्वांस मोकळे झाले. त्यापूर्वी वीस वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले, ते ह्याच हक्कासाठी. तेव्हा न्यायाच्या पायऱ्या दोन आहेत. रांगेत येण्यास सर्वांस मोकळीक असणे, ही पहिली. आणि रांगेत आल्यावर कोणी कोणास न डावलणे, ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी म्हणजे बंद वाड्यातील शिस्त होय.

तर मग रांग कधीच मोडू नये काय? हा भेदही समजून घ्यावा. घाटी रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला, तर खोकल्यासाठी सकाळपासून बसलेल्या रुग्णाआधी त्यास तपासतात. तेथे गरज हीच पाळी ठरविते, आणि हे आधीच सर्वांस ठाऊक असते. गरोदर स्त्री, कडेवर मूल असलेली माता, काठी टेकीत आलेला वृद्ध ह्यांस पुढे जाऊ देणे ह्यास कोणी ‘क्यू-जम्पिंग’ म्हणणार नाही. कारण ती वाट घेतलेली नसून दिलेली असते. आपणांस खरोखरच निकड असेल, तर ‘मे आय गो अहेड ऑफ यू?’ असे समोरच्यास विचारावे आणि त्याने नकार दिल्यास मुकाट्याने मागे राहावे. विचारणारा व घुसणारा दोघेही पुढेच जातात. परंतु एकाने समोरच्यास माणूस मानलेले असते.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा नावाच्या तळ्याची हकीकत आहे. तळ्याचे पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होतो, अशा समजुतीने तेथे आंधळे, लंगडे व पांगळे पडून राहत असत. त्यांत अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य होता. प्रभू येशूने त्याची विचारपूस केली, तेव्हा त्याने आपल्या रोगाची तक्रार सांगितली नाही. आपणांस पाण्यात सोडणारे कोणी नाही, आणि आपण कसेबसे जातो तोच दुसरा कोणी आधी उतरतो, हे त्याचे दुःख होते. त्यास पाण्यापर्यंत जाण्याची गरज न ठेवता येशूने त्यास बरे केले. ‘जम्प द क्यू’ हा वाक्संप्रदाय त्या काळी नव्हता. परंतु ज्याची पाळी वर्षानुवर्षे दुसरा घेऊन जातो त्याच्या मनात काय होते, हे ह्या गोष्टीइतके क्वचितच कोठे सांगितले असेल.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यास पैसा आहे, ओळख आहे, अंगात बळ आहे, त्यास रांगेची फारशी गरज भासत नाही. तो कसाही पुढे पोहोचतो. रांग ही ज्यास कोणी नाही त्याचा वशिला आहे. ह्यास्तव परीक्षेत ह्या वाक्संप्रदायाचा अर्थ विचारला, तर ‘आपली पाळी येण्यापूर्वी, इतरांस डावलून पुढे जाणे’ असा लिहावा. आणि शाळेतील पाण्याच्या नळापाशी, मधल्या सुट्टीत, पहिलीतले लहान मूल हातात फुलपात्र घेऊन तुमच्या पुढे उभे असेल, तर त्याच्या मागे उभे राहावे.